तीस किलोमीटरच्या पुढे

पोट दुखायचं नाटक कसं करायचं हे नागाओ-सानना त्यांच्या कोचने शिकवलं होतं. अक्षरशः समोर उभं करून. आधी वेग जरा कमी कर, मग उजवा हात बरगडीखाली ठेव, डावीकडे सरक, दोनदा मागे बघ आणि थांब. जमेपर्यंत हॉस्टेलच्या अंगणात पाच-सहा वेळा करून घेतलं म्हणे! हे ऐकलं तेव्हा माझ्या हातात डब्यांच्या झाकणांची चळत होती. ती मी टेबलावर अशी आपटली की सुपरवायझर वळून बघायला लागला.

आम्ही दोघी जपानमध्ये, कावासाकीत, स्टेशनजवळच्या एका बेंतोच्या किचनमध्ये काम करतो. सकाळी सहापासून ऑफिसवाल्यांचे डबे भरायचे. मी सुप्रभा, मूळची नाशिकची. नवरा विनय इथे आयटीत, त्याच्यामागून मी आले त्याला बारा वर्षं झाली. घरात नुसतं बसून डोकं फिरायला लागलं म्हणून हे पार्टटाइम धरलं. नागाओ-सान, म्हणजे नागाओबाई, सहासष्ट वर्षांच्या, माझ्या शेजारी भात भरतात. बुटक्या, काटक, बोलणं अगदी मोजकं. माझं जपानी मोडकं आणि तोंड फटकळ, त्यामुळे आमची जोडी छान जमली.

त्या कधीकाळी पळायच्या हे मला तीन वर्षं माहीतच नव्हतं. माझी शुगर वाढली, डॉक्टरांनी दम भरला, म्हणून मी तामा नदीच्या बांधावर धापा टाकत पळायला लागले. एके दिवशी मागून ह्या आल्या. पाठीला सॅक, सॅकमधून कांद्याची पात बाहेर आलेली. माझ्याबरोबर चार पावलं पळाल्या आणि म्हणाल्या, "सुप्रभा-सान, किलोमीटरला आठ मिनिटं दहा सेकंद. श्वासाच्या मानाने वेग जास्त आहे." माझ्या घड्याळात बघितलं तर आठ-दहा! त्यांच्या मनगटावर घड्याळसुद्धा नव्हतं. मी म्हटलं, "अहो, तुम्ही आहात तरी कोण?"

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. यामागाताच्या डोंगरातल्या एका खेड्यातली मुलगी, शाळेत सगळ्यांत वेगाने पळायची. अठराव्या वर्षी एका सूतगिरणीने तिला उचललं. इथे मोठ्या कंपन्या स्वतःचे धावपटू पाळायच्या, अजूनही पाळतात. दुपारी एकपर्यंत गिरणीत काम आणि मग धावणं. रोज वीस-पंचवीस किलोमीटर, रविवारी चाळीस. सकाळ-संध्याकाळ वजन. अर्धा किलो वाढलं तर रात्रीचा भात बंद. आणि उन्हाळ्यात, ऐका हं, पाणी प्यायचं नाही! पाण्याने जिद्द पातळ होते असं कोचचं मत. मुली तोंड धुण्याच्या बहाण्याने न्हाणीघरात जायच्या आणि नळाला तोंड लावायच्या. एकदा नागाओ-सान धरल्या गेल्या, तर दुसऱ्या दिवशी सगळ्या टीमला दहा किलोमीटर जास्त. त्या माणसाला सगळे 'कान्तोकु' म्हणायचे, म्हणजे टीमचा सर्वेसर्वा. माझ्या तोंडात दुसरा शब्द येतो, पण असो.

बायकांच्या मॅरेथॉन तेव्हा नुकत्या सुरू झाल्या होत्या. टीममध्ये एक मुलगी होती, सगळ्यांत वेगवान, कंपनीच्या जाहिरातीत झळकणारी. नागाओ-सानची खुबी वेगळी. त्यांना वेग दिला की पाय तो धरून ठेवायचे. किलोमीटरला तीन मिनिटं चाळीस म्हटलं की तीन चाळीस, एक सेकंद इकडे नाही की तिकडे नाही. कान्तोकुने हेरलं ते बरोबर. त्याने ह्यांना त्या मुलीच्या पुढे पळायला लावलं. वारा ह्यांनी खायचा, वेग ह्यांनी सांभाळायचा, आणि तीस किलोमीटरला बाजूला व्हायचं. पुढचं मैदान आणि पुढचे टाळ्या-हार त्या मुलीचे.

आता असे पेसमेकर उघड असतात. टीव्हीवर सांगतात, त्यांच्या बनियनवर तसं लिहिलेलंही असतं. ह्यांच्या वेळी तसं काही बोलायचं नाही. यादीत ह्या इतरांसारख्याच स्पर्धक. म्हणून थांबायला काहीतरी कारण हवं, आणि म्हणून ते पोटदुखीचं नाटक. १९८१ ते ८५, सात मॅरेथॉन. सातही वेळा तिसाव्या किलोमीटरला हात बरगडीखाली. टीव्हीवरचा माणूस म्हणायचा, "नागाओची जिद्द पुन्हा कमी पडली." तिकडे गावात वडील शेजाऱ्यांना घरी बोलावून टीव्हीसमोर बसायचे. तीन वेळा बोलावलं, मग बोलावणं सोडून दिलं. गावात ह्यांचं नाव पडलं होतं, अर्धवट.

"आणि तुम्ही सांगितलं नाहीत?" मी विचारलं.

"शब्द दिला होता."

"कसला डोंबलाचा शब्द! घरच्यांना तरी सांगायचंत!"

"सांगितलं तर त्या मुलीच्या विजयावर डाग पडेल, टीम बंद पडेल, असं कान्तोकु म्हणाले. मी बावीस वर्षांची होते, सुप्रभा-सान." आणि थोडा वेळ भात भरून म्हणाल्या, "वडील गेले तेव्हाही माझं पोट नाजूक आहे हेच त्यांना माहीत होतं."

मला इतका संताप आला की त्या दिवशी माझ्या सगळ्या डब्यांत लोणचं डाव्या बाजूला पडलं. ते उजव्या बाजूला हवं असतं. सगळे डबे परत उघडले.

कान्तोकु चार वर्षांपूर्वी गेला. नागाओ-सान अंत्यविधीला गेल्या, उदबत्ती लावली, वाकून आल्या. मी असते तर काय केलं असतं ते इथे लिहीत नाही. पण तो गेल्यावर शब्द सुटला असं त्यांना वाटलं. मागच्या हिवाळ्यात त्यांच्या आईला न्यूमोनिया झाला. आई ब्याण्णव वर्षांची, गावाजवळच्या वृद्धाश्रमात. डॉक्टर म्हणाले, पुढचा हिवाळा सांगता येत नाही. तेव्हा एक दिवस भाताचा चमचा खाली ठेवून ह्या म्हणाल्या, "मला आईला खरं सांगायचंय. पण नुसतं सांगितलं तर तिला वाटेल, म्हातारपणी पोरगी सबबी सांगतेय. आधी एक पूर्ण करते. मग सांगते."

मी म्हटलं, "मी येते बरोबर."

विनय म्हणाला, "तू? मॅरेथॉन?" लेक शिवानी इथेच वाढलेली. तिने मोबाइलमधून मान वर न काढता जपानीत उत्तर दिलं, "मुरी!" म्हणजे शक्यच नाही. बघतेच म्हटलं.

आठ महिने आम्ही बांधावर पळालो. त्यांचा डावा गुडघा सुजायचा. त्या बर्फ लावायच्या आणि दुसऱ्या दिवशी हजर. दर पाच किलोमीटरला त्या स्वतः थांबून मला पाणी प्यायला लावायच्या आणि आपण घटाघटा प्यायच्या, तेव्हा तोंडावर असं काही समाधान असायचं की काय सांगू!

शर्यत नोव्हेंबरातली, समुद्रकाठच्या एका छोट्या शहरातली. सहा तासांची मुदत. वाटेत ठरावीक अंतरावर नाके असतात. ठरलेल्या वेळी तिथे रस्त्यावर दोरी आडवी धरतात. दोरीच्या अलीकडे राहिलात की खेळ संपला, बसमध्ये बसायचं. तिसाव्या किलोमीटरचा नाका दुपारी एक वीसला बंद होणार होता. आम्ही एक वाजून बारा मिनिटांनी पोचलो. आठ मिनिटं हातात! मी खुशीत पुढे गेले, दहा-वीस पावलं, आणि शेजारी कुणीच नाही.

वळून बघते तर नागाओ-सान नाक्याच्या अलीकडे, डाव्या कडेला उभ्या. उजवा हात बरगडीखाली.

मी उलटी पळाले. एक स्वयंसेवक ओरडला, उलटं जाऊ नका म्हणून. गेला उडत! जवळ जाऊन बघते तर चेहरा पांढराफटक, पण दम लागलेला नाही, गुडघाही ठीक. "काय होतंय?" मी विचारलं.

"काही नाही," त्या म्हणाल्या. "पाय थांबले. मी नाही थांबवले."

मी ओढलं, विनवलं, मराठीत शिव्या घातल्या, कान्तोकुच्या सात पिढ्या उद्धरल्या. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि पाय मात्र रस्त्याला खिळल्यासारखे. चाळीस वर्षांपूर्वी त्या माणसाने जे भरवलं होतं ते अजून त्या पायांत होतं, आणि तो तर कधीच राख होऊन गेला. एक वाजून वीस मिनिटं. शिट्टी वाजली, दोरी आडवी झाली. मी एकटी पुढे गेले असते तर निकालात माझं नाव आलं असतं, हे विनय मला अजून ऐकवतो.

नाक्यावरचा तरुण मुलगा फार सभ्य होता. ब्लँकेट घेऊन आला, वाकला आणि हळूच त्यांना विचारलं, "पोट दुखतंय का आपलं?"

नागाओ-सानचा हात झटक्यात खाली आला.

"नाही," त्या म्हणाल्या. मग जोरात म्हणाल्या. त्यांचा एवढा मोठा आवाज मी कधी ऐकला नव्हता. "नाही दुखत! कधीच दुखलं नव्हतं! मी सात शर्यतींत तिसाव्या किलोमीटरला थांबले. सातही वेळा धडधाकट होते. मला थांबायला लावलं होतं!"

बसमध्ये बसलेली माणसं खिडकीतून बघायला लागली. तो मुलगा म्हणाला, "असं का," आणि पुन्हा वाकला. "पण आता रस्ता वाहनांना खुला होणार आहे. कृपया बसमध्ये बसा."

नागाओ-साननी छातीवरच्या नंबराच्या चारही सेफ्टी पिना काढल्या. नंबराची व्यवस्थित घडी घातली आणि दोन्ही हातांनी त्याला दिली. "आता मी स्पर्धक नाही. फुटपाथवरून जाते."

"अजून बारा किलोमीटर आहेत. आपलं वय बघता..."

"माझं वय मला माहीत आहे."

मग त्याचा साहेब आला. तोही वाकून म्हणाला, थांबा. पुढच्या चौकात पोलीस म्हणाला, बाई, बस मागे आहे, थांबा. ह्या प्रत्येकाला नमस्कार करत पुढे. मीही माझा नंबर काढून त्या पोराच्या हातात कोंबला आणि मागे पळाले. मला तर इतका जोर चढला होता की विचारू नका.

पण कपाळ माझं! फुटपाथवर सिग्नल असतात. आणि ह्या बाई प्रत्येक लाल दिव्याला थांबायच्या. रस्ता रिकामा, एक सायकलसुद्धा नाही, तरी उभ्या.

"अहो, कुणी नाहीये! चला!" मी ओरडले.

"लाल आहे."

"कोचचं ऐकायचं नाही, बसवाल्याचं ऐकायचं नाही, आणि ह्या दिव्याचं ऐकायचं?"

"दिवा सगळ्यांना थांबवतो, सुप्रभा-सान. मला एकटीला नाही."

हिरवा झाला की पळायचं. असे बावीस सिग्नल मी मोजले. पस्तिसाव्या किलोमीटरनंतर माझ्या पोटऱ्यांत गोळे आले, त्यांचा गुडघा फुगला. मग पळणं कमी आणि फरफट जास्त. एका कोंबिनीत शिरून, म्हणजे इथे कोपऱ्याकोपऱ्यावर असतं त्या चोवीस तासांच्या दुकानात, आम्ही पाणी घेतलं आणि दारातच उभं राहून दोन दोन बाटल्या प्यायलो. त्या म्हणाल्या, "शर्यतीत ह्या अंतरावर मी पहिल्यांदाच आहे," आणि लहान मुलीसारख्या हसल्या.

पोचलो तेव्हा पावणेचार होत आले होते. शर्यत तीनलाच संपलेली. कमान काढून गुंडाळत होते, खुर्च्या ट्रकमध्ये चढत होत्या. शेवटच्या रेषेची चिकटपट्टीसुद्धा उखडलेली. नागाओ-साननी एका कामगाराला विचारलं, "रेष नक्की कुठे होती?" त्याने आमच्याकडे बघितलं, दोघींच्या छातीवर पिनांची भोकं बघितली, आणि काही न विचारता रस्त्यावरचा डिंकाचा डाग बुटाने दाखवला. त्या दहा पावलं मागे गेल्या आणि पळत आल्या. खरंच पळत, तो सुजलेला गुडघा घेऊन. कामगाराने हातमोजे घातलेल्या हातांनी टाळ्या वाजवल्या. मी तर भोकाड पसरलं.

मी म्हटलं, "थांबा, मी त्यांच्याकडून मेडल आणते. बघतेच कसं देत नाहीत ते!"

"नको. मुदतीत नाही आलो. कागदावर ही माझी आठवी माघार." त्यांनी कपाळावरचा घाम पुसला. "फोन लावून द्या ना."

मी वृद्धाश्रमाचा नंबर लावला. नर्सने फोन आईसमोर धरला. पडद्यावर एक वाळलेला, बारीक चेहरा आला. आईला कमी ऐकू येतं, म्हणून स्पीकर लावून ओरडून बोलावं लागलं.

"आई, मी आज मॅरेथॉन पळाले. पूर्ण. बेचाळीस किलोमीटर. आई, माझं पोट कधी..."

पुढचं त्यांना बोलवेना. आठ महिने जे सांगायचं म्हणून जपलं होतं ते तसंच राहिलं. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. पलीकडे म्हातारी पडद्याजवळ सरकली. ऐकू आलं की नाही तेही कळेना. मग ती सावकाश म्हणाली, "आज थांब म्हणून कुणी सांगितलं नाही वाटतं?"

नागाओ-सान माझ्याकडे बघायला लागल्या, मी त्यांच्याकडे. म्हणजे ह्या बाईला सगळं माहीत होतं. चाळीस वर्षं माहीत होतं, आणि लेकीने सांगावं म्हणून ती वाट बघत बसली होती.

"सांगितलं ना, आई!" नागाओ-सान इतक्या मोठ्याने ओरडल्या की ट्रकवरची माणसं वळून बघायला लागली. "तिघांनी सांगितलं! नाही ऐकलं मी!"