कोंडिरामच्या उजव्या हाताचा आकडा

...आणि ती चावी चांगली साडेचार फूट लांब होती, हे काल सांगायचं राहूनच गेलं. लोखंडी, वर आडवी मूठ. ती खांद्यावर टाकून पालिकेचा कोंडिराम साळवे आमच्या काशीगावातनं निघायचा आणि रस्त्यातली झाकणं उचलून, खाली चावी घालून, गल्लीगल्लीचं पाणी सोडायचा. नया नगरात त्याला ‘पानीवाले चाचा’ म्हणत. एकदा तिसऱ्या मजल्यावरनं एक बाई ओरडली, “चाचा, आज कम क्यों खोला?” हा खालून म्हणतो, “कम नहीं खोला भाभी, आपका पीप बड़ा हो गया!” अख्खी गल्ली हसली. कुठला व्हॉल्व्ह किती फेऱ्यांत उघडतो ते कुठं लिहिलेलं नव्हतं. कोंडिरामच्या उजव्या हाताला ते पाठ होतं. एकतीस वर्षं.

तोच हात गेला बघा.

निवृत्त होऊन दोनच वर्षं झाली होती. फेब्रुवारीत एका सकाळी चहाची बशी उचलायला गेला, तर बशी जागची हलेना. बशी कशाला हलेल, हातच हलत नव्हता. अर्धांगाचा झटका. पाय महिन्याभरात सावरला, जड झालेली जीभही सुटली, हात मात्र खांद्याला टांगलेल्या पिशवीसारखा लोंबत राहिला. आमची खोली त्यांच्या भिंतीला भिंत लागून, त्यामुळे हे सगळं मी रोज पाहत होतो.

त्याच्या मुलानं, जीवननं, एका दवाखान्याच्या घरबसल्या उपचारात बापाचं नाव घातलं. मनगटाला एक काळा पट्टा, घड्याळासारखा, पण वेळ न दाखवणारा. हात हलला की पट्ट्याला कळायचं, पट्ट्याचं मोबाईलला आणि मोबाईलचं दिव्या मॅडमना. या मॅडम व्यायाम शिकवणाऱ्या. आम्ही त्यांना मोबाईलच्या बाहेर कधी पाहिलं नाही. सातवीपर्यंत शिकलेल्या माझ्या डोक्याला तर त्याचं फार कौतुक वाटलं. आमच्या गावच्या मास्तरांना पाठ फिरवली की वर्ग दिसायचा नाही, आणि या बाईंना कुठं तरी बसून काशीगावातला हात दिसतो!

मॅडमनी पहिल्याच दिवशी बजावलं, “काका, पट्टा लुळ्या हातालाच बांधायचा. चार्जिंगची वेळ सोडली तर काढायचा नाही. आणि पहिल्या सहा महिन्यांत जेवढी मेहनत कराल, तेवढा हात परत येईल.”

हे शब्द कोंडिरामपेक्षा त्याच्या बायकोनं, कमळाबाईनं, जास्त मनावर घेतले.

इथं मला मागं जायला हवं. ही माणसं मूळची जालन्याकडची. लग्न होऊन आली तेव्हा कमळाबाईला अक्षर ओळखता येत नव्हतं. रेशन कार्डावर अंगठा देणार म्हणाली तर कोंडिराम चिडला. “बाबासाहेबांच्या घरात अंगठा चालायचा न्हाई,” म्हणाला. रोज जेवणानंतर पाटी घ्यायचा, तिच्या हातावर आपला हात ठेवायचा आणि गिरवून घ्यायचा. तीन महिन्यांत ती सही करू लागली. आजही बँकेत सही करताना मान वर करून सगळ्यांकडे बघते, बघितलं का, असं.

म्हणजे हात कसा शिकतो, हे तिला अनुभवानं माहीत होतं. दुसऱ्यानं धरला की शिकतो.

मॅडमनी सांगितलं होतं, टेबलावर फडकं ठेवून लुळ्या हातानं पुसायचं. कमळाबाई त्याच्या हातावर आपला हात ठेवून पुसायची. पेला उचलायचा, तर दोघं मिळून उचलायचे. सकाळ-संध्याकाळ तिळाच्या तेलानं अर्धा-अर्धा तास मालिश, तीही पट्ट्यासकट, कारण काढायचा नाही म्हणजे नाही. मोबाईलवरचा, दिवसभरात हात किती वेळा हलला त्याचा आकडा चढत गेला. नऊशे, दोन हजार, चार हजार. दिवसाचं ठरलेलं पुरं होऊन मोबाईलमधलं गोल चक्र हिरवं झालं की ती भिंतीवर थाप मारून मला सांगायची, “भावजी, झालं हिरवं!” मी माझ्या बाजूनं थाप मारायचो. मॅडम रोज आकडा बघून खूश. दर पंधरवड्याला बोलायच्या, पण सकाळच्या गडबडीत पाच मिनिटं. “छान चाललंय काका, असंच चालू ठेवा.”

जुलैमध्ये कमळाबाईचा थोरला भाऊ गेला. ती जलदान विधीला जालन्याला गेली. आठ दिवस. जीवन सकाळी कामावर गेला की कोंडिरामजवळ मी बसायचो.

पहिल्या दिवशी आकडा आला एकशेदहा. दुसऱ्या दिवशी नव्वद.

मी म्हटलं, “अरे, पुस की टेबल.”

“कशानं पुसू?” तो म्हणाला. “ह्यो हात आता घरी आलेल्या पाव्हण्यावानी हाये, गुणवंतराव. बसून खातो, काम न्हाई.”

मी हसलो. मग हसू आपोआप थांबलं. “म्हणजे ते चार हजार?”

“तिचे.”

“आणि तुला माहीत होतं?”

तो खिडकीकडं बघत म्हणाला, “पहिल्यांदा वाटलं, येईल. पाटीवर तिचा आला व्हता की. मग कळलं, न्हाई येत. पर हिरवं झालं की ती पोरीवानी नाचायची. म्हनलं, सांगू उद्या.”

असे किती उद्या गेले, ते मी विचारलं नाही.

कमळाबाई परतली त्या दुपारी मॅडमचा व्हिडिओ कॉल आला. ती अजून प्रवासाच्या साडीतच होती. मॅडम म्हणाल्या, “काका, आठ दिवस आकडा एकदम खाली आलाय. व्यायाम बंद केलात का?” कमळाबाईनंच अभिमानानं सांगितलं, “मी गावाला गेले व्हते ना मॅडम. रोज मीच करून घेते त्यांचं.” आणि त्याचा हात धरून फडकं कसं फिरवते तेही दाखवलं.

मॅडम फार हळू बोलल्या. रागावल्या नाहीत, उलट चूक स्वतःवरच घेतली, की मी नीट बघायला हवं होतं. पण सांगायचं ते सांगावंच लागलं. हात हलवणारा मेंदू रोग्याचा हवा, दुसऱ्यानं हलवलेला हात काही शिकत नाही. हात सगळ्यात जास्त परत येतो तो काळ आता जवळजवळ सरला. पुढंही थोडं येईल, पण थोडंच.

कमळाबाईनं त्याचा हात उचलून त्याच्या मांडीवर ठेवला. दुसऱ्याची वस्तू जागेवर ठेवावी तसा.

त्या दिवसापासून तिनं त्या हाताला बोट लावलं नाही. तेलाची बाटली माळ्यावर, पाहुण्यांच्या भांड्यांमागं. कोंडिराम म्हणायचा, “कमळे, खांदा दुखतोय गं.” ती म्हणायची, “माझ्या हातानं वाटोळं झालं तेवढं पुरं हाये,” आणि कणीक मळायला बसायची. जीवननं समजावलं, मी समजावलं. भिंतीवरची थाप बंद झाली. मी एक-दोनदा माझ्या बाजूनं मारून पाहिली.

पंधरा दिवसांनी, परवा, मॅडमचा पुन्हा कॉल आला. मी तिथंच होतो. कमळाबाई ओट्याजवळ, पाठमोरी. मॅडम म्हणाल्या, “काका, आपण नव्यानं सुरू करू. मोठे आकडे नकोत. या हाताकडून तुम्हाला काय हवंय, अशी एकच गोष्ट सांगा. पेला धरणं, बटण लावणं, काहीही. ती मी पहिलं ध्येय म्हणून लिहिते आणि तुमच्या मोबाईलवर पाठवते.”

मला वाटलं, चावी म्हणेल. एकतीस वर्षांची ती चावी. कोंडिरामनं डाव्या हातानं उजवा उचलून टेबलावर ठेवला, ओट्याकडं एकदा बघितलं आणि म्हणाला,

“मॅडम, हात येईल तवा येईल. न्हाई आला तरी डाव्यानं जेवाया शिकलोय म्या. तुमी आसं लिवा, की कमळाबाईनं तेलाची बाटली माळ्यावरनं खाली काढायची. पट्टा म्या आधी काढून ठेवीन. तुमी लिवलं म्हंजी ती ऐकंल, माझं ऐकंना झालीया.”