फळ्याखालची वीतभर जागा

आमटी-भात जरा जास्तच झालाय. मी आडवा होतो. फोन छातीवर आहे आणि श्वासाबरोबर वर-खाली होतोय; मी अजून जागा आहे याचा तेवढाच पुरावा.

'आपली पेठ लाईव्ह' हे चॅनल मी एकटा चालवतो. संपादक मी, कॅमेरामन मी, पगार मिळत नाही म्हणून कुरकुर करणारा कर्मचारीही मीच. चाळीस हजार माणसं बघतात. आज श्रद्धांजलीची रील तयार आहे. कमरुन सिस्टर गेल्या. सरकारी दवाखान्यातल्या निवृत्त नर्स. निम्मं गाव त्यांच्या हातावर जन्मलं, त्यात मीही. बातमी तीन ग्रुपवर आली, हार घातलेल्या फोटोसकट. मी बासरी लावली, पाकळ्या सोडल्या, संध्याकाळी आपोआप जाईल अशी सोय केली.

डोळे मिटताना एकच गोष्ट टोचते. त्यांची मुलगी नसीमा मस्कतला असते आणि माझ्या प्रत्येक व्हिडिओवर पहिला बदाम तिचा असतो. तिला घरून कळवलं असेलच, असं मी म्हणतो. असेलच, असेलच, असेलच, असं पंखा म्हणतो, आणि त्याचं शिवणयंत्र झालेलं असतं.

"मान वर कर," शिवलिंगअण्णा म्हणतात.

माझ्या गळ्याभोवती त्यांची टेप आहे. अण्णा चौकातले टेलर. दुकानाबाहेर त्यांचा वार्ताफलक असायचा. रोज सकाळी त्यावर खडूनं गावच्या बातम्या लिहायचे, मग शटर उघडायचे. त्यांना जाऊन तीन वर्षं झाली. अंत्ययात्रा मीच लाईव्ह दाखवली होती, त्यामुळे माझी खात्री आहे.

"अण्णा, तुम्ही वारलाय."

"माहितीय. तू दाखवलंस की. मी कमी, तूच जास्त दिसत होतास."

"नेटवर्कचा प्रॉब्लेम होता," मी म्हणतो. झोपेतसुद्धा मला दुसरं कारण सुचत नाही.

"आज काय विशेष?"

"कमरुन सिस्टर गेल्या."

अण्णा तोंडातली टाचणी काढतात. "कुठं?"

"कुठं म्हणजे... तुमच्याकडं."

"आमच्याकडं आलेली नाही. आली असती तर आल्या आल्या सगळ्यांना रांगेत उभं करून टोचलं असतं तिनं."

यापेक्षा खात्रीलायक सूत्र कुठल्याही पत्रकाराला मिळणार नाही. तरी मी म्हणतो, "तीन ग्रुपवर आलंय."

"मग चल. विचारू एकेकाला."

अण्णा टेपचं टोक धरून चालू लागतात आणि मी मागून. दुकानाचं दार मेडिकलच्या काउंटरमागं उघडतं. मेडिकलवाला म्हणतो, "मला केबलवाल्यानं पाठवलं." त्याच्या मागच्या कपाटात केबलवाल्याची शिडी आहे. "मला मंडळाच्या ग्रुपवर आलं," केबलवाला शिडीवरूनच सांगतो. शिडी खाली मंगल कार्यालयाच्या स्टेजवर टेकते. तिथं लाल खुर्चीत कमरुन सिस्टर बसल्यात. गळ्यात हार, हात जोडलेले, डोळे टक्क उघडे. समोर मी उभा आहे, मागच्या आठवड्यातला, ह्याच शर्टात. त्यांच्या सत्काराचा फोटो काढतोय.

"काळा-पांढरा करून टाकतो," तो मी कुणाला तरी सांगतोय. "जुन्या काळाचा फील येतो."

अण्णा माझ्याकडं बघतात. मग माझ्याकडं बघतात. दोघांतल्या कुणावर ओरडावं हे त्यांना ठरवता येत नाही.

काळा-पांढरा फोटो आणि हार दिसला की आमच्या गावात खालचा मजकूर कोणी वाचत नाही. अंगठा परस्पर 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहून मोकळा होतो. माझ्या चॅनलवरच्या त्या सत्काराच्या फोटोखाली अशा सहाशे श्रद्धांजल्या बघून कुणीतरी फोटो पुढं पाठवला, त्यानं आणखी पुढं, आणि गावभर फिरून माझा फोटो माझ्याकडंच बातमी होऊन आला. ओळखीचा वाटला होता. मला वाटलं, चांगला काढलाय कुणीतरी.

"एवढी माणसं बघतात म्हणतोस," अण्णा विचारतात, "पण उभी कुठं राहतात?"

मी कार्यालयाचं मागचं दार ढकलतो. तिथं स्वयंपाकघर असायला हवं. नदीचं कोरडं पात्र आहे, आणि पात्रात माणसं आहेत. चाळीस हजार. हा आकडा मी रोज बघतो, नखाएवढा. तो असा उभा राहिलेला कधी बघितला नव्हता. पलीकडच्या टेकडीपर्यंत डोकीच डोकी. कुणी अर्धी दाढी करून आलंय, कुणाच्या हातात उलथनं आहे, एकजण म्हशीसकट आलाय. सगळ्यांत पुढं नसीमा, गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र. सगळे एका फळ्याकडं बघतायत, आणि एकूण एकाच्या हातात खडू आहे.

अण्णा टोपी काढतात.

"माझ्या फळ्यापुढं फार तर दहा-बारा असायचे," ते हळू म्हणतात. "त्यातले निम्मे एसटीची वाट बघणारे." मग टेकडीपर्यंत नजर टाकतात. "ऋत्या, सगळ्यांकडं खडू?"

"सगळ्यांकडं."

"मी एकच ठेवायचो. सुतळीला बांधून."

तो खडू मला आठवतो. अण्णा फळ्याच्या तळाशी वीतभर जागा रिकामी सोडायचे, ज्याला जास्त ठाऊक असेल त्याच्यासाठी. वर त्यांनी 'उद्या पाणी येणार' लिहिलं की परवा खाली कुणीतरी 'आलं नाही' लिहून जायचं. अण्णा ते पुसायचे नाहीत. वरचं पुसायचे.

"तळाला वाच," ते म्हणतात.

मी वाकतो. सहाशे श्रद्धांजल्यांच्या खाली, थरथरत्या अक्षरात: 'मी घरीच आहे बाळा. फोटो छान. चहाला ये.' शेजारी माझा लाल बदाम. न वाचताच दिलेला.

तेवढ्यात वर बासरी सुरू होते. फळ्याच्या माथ्यावर माझी रील आपोआप उमटायला लागलीय. पहिली पाकळी सुटते. नसीमा मान वर करते.

"पूस," अण्णा म्हणतात.

"कशानं? फडकं नाही."

"हात आहे की."

मी अंगठा टेकवतो. फळा गार आहे.

पंखा पंखाच आहे. बाहेर अजून ऊन आहे. छातीवरचा फोन मी उचलतो. 'पोस्ट रद्द केली,' असं त्यावर लिहिलंय. सत्काराच्या फोटोखाली मी खाली, आणखी खाली जातो. ती ओळ तिथं आहे, आठवडाभर.

मी फोन लावतो.

"कोण?" पलीकडून आवाज येतो.

"सिस्टर, मी ऋतुराज. लाईव्हवाला."

"आता सवड झाली होय? चहा मागच्या आठवड्यातच गार झाला. ये, दुसरा टाकते."

"येतो," मी म्हणतो.

फोन ठेवताना काचेवर ठसा दिसतो. पांढरा, भुकटीचा, बरोबर त्या रद्द करायच्या बटणावर. उजव्या अंगठ्याच्या रेषांमध्येही तीच भुकटी. मी शाळा सोडल्यापासून या घरात खडू आलेला नाही.

मी चप्पल घालतो. दाराची कडी डाव्या हातानं लावतो.