दुभाजकाच्या अलीकडची मावशी

तळेगाव ढमढेरेत आमच्या शेजारची मावशी रोज दुपारी रस्त्यापलीकडे बहिणीकडे जायची. ट्रकला तळहात दाखवून, "थांब रं जरा," म्हणायची आणि सावकाश ओलांडायची.

रस्ता चौपदरी झाला, मध्ये उंच दुभाजक आला. वळायची जागा किलोमीटरभर लांब, आणि तिचे गुडघे दुखरे. मग दोघी आपापल्या दारात बसून एकमेकींना नुसता हात करायच्या. वाहनांच्या आवाजात बोलणं पोचायचं नाही.

परवा मावशीची बहीण वारली. मी मोटारसायकल काढली. "मावशी, चला, वळसा घालून सोडतो."

ती मागे बसली. दुभाजक संपला तिथं वळताना म्हणाली, "गाडी तर तुझ्याकडं कवाची हाय. ती जिती व्हती तवा एकदा न्हेलं असतंस, तर बोललो असतो आम्ही."

मला मान वळवून तिच्याकडे बघता आलं नाही.