दहा बांबूंच्या पुढची बांधी

माझ्या मायला आणि तिच्या रोवणीच्या टोळीतल्या अकरा बायांना चोर म्हटलं गेलं. गेल्या आषाढातल्या एका शुक्रवारी, दुपारची शिदोरी खाऊन त्या परत चिखलात उतरल्या तेव्हा, दवनीवाड्याकडच्या शिवारात. मी धुऱ्यावर, म्हणजे बांधावरच उभी होते, म्हणून सांगते.

बांधी, म्हणजे धुऱ्यांनी वेढलेला धानाचा तुकडा, चौरस. एक कोपरा अख्खा रिकामा, आणि पऱ्ह्यांच्या, म्हणजे धानाच्या रोपांच्या, बांधलेल्या पेंड्या संपलेल्या. मोजायच्या बांबूकडे बोट दाखवत मालक ओरडला, "बाजूच्या दर बांबूमागं दहा पेंड्या! बापाच्या काळापासून पुरून राहिल्या, आजच काऊन कमी पडल्या? चोर झाल्या काय तुमी?"

"भाजी रांधून खाल्ली जी!" एक काकू म्हणाली. बाया हसल्या. माय नाही हसली. कंबर सरळ करत म्हणाली, "तुमी धुऱ्यावर चालून मोजता जी. आमाले आत रोवा लागते."

मी पत्रकं लिहिते, जीभ तिखट आहे माझी. पण इतकं नेमकं वाक्य मला आजवर सुचलेलं नाही.

बांबू उचलला, मोजत गेले. एक बांबू लांब नि एक बांबू रुंद तुकड्याला एक पेंडी लागते. बाजू क्ष बांबू, तर गरज क्ष गुणिले क्ष. मालक देतो दहा क्ष. जुन्या बांध्या लहान. आठ बांबूंच्या बांधीला मिळायच्या ऐंशी, लागायच्या चौसष्ट. उरलेल्या सोळांबद्दल कधी कोणी विचारलं नाही! दहाला दोन्हीकडे शंभर. दहा ओलांडले की क्षचा वर्ग मोठा, आणि मग कितीही पुढे जा, दहा क्ष त्याला गाठत नाही. ट्रॅक्टर फिरावा म्हणून यानं धुरे फोडले, बांधी केली चौदा बांबूंची. दिल्या एकशे चाळीस. लागतात एकशे शहाण्णव.

मालकाकडून आणखी छप्पन पेंड्या आणवल्या. रोवून तीन उरल्या, कारण मायचा हात बारीक, मोजकीच रोपं लावणारा. मी जे शाळेत शिकले ते तिच्या पाठीला आधीच कळलेलं होतं. ही माझी माय, हे मी त्या दिवशी बांधीवर मोठ्यानं म्हटलं.

मालक एवढंच बोलला, "हिसाब सही है." चोर हा शब्द मात्र त्यानं परत घेतला नाही. अजून नाही.

मालकहो, तुमच्या शिवारातही बांध्या जोडल्या असतील. जा, बाजू मोजा. दहाच्या वर भरली, तर ज्या बायांवर आळ घेतलात त्यांच्या पुढ्यात, सगळ्या टोळीदेखत, माफी मागा.