जळालेली वही आणि आमच्या आक्का

धाकट्याच्या घरी हिंगोलीत शेंगा फोडत बसले होते, तेव्हा गावाकडून थोरल्याचा फोन आला. "आई, आत्या गेली." मी म्हणाले, "कुठं गेली?" खरंच असं म्हणाले. कारण आदल्याच दिवशी आक्कांनी मला फोनवर चांगलं झापलं होतं, लोणच्यात मीठ कमी पडलं म्हणून. आजार नाही, दवाखाना नाही, अंथरूण नाही. सकाळचा चहा घेतला, रिकामा कप खाली ठेवायला वाकल्या, त्या वर आल्याच नाहीत. थोरला फोनवर रडत होता आणि मी त्याला विचारत होते, "अरे पण कप फुटला का?" माणसाला धक्का बसला की ते काय बोलेल सांगता येत नाही. आज इतके दिवस झाले, तेरावं झालं, पाहुणे गेले, तरी मला अजून पटलेलं नाही. मला रागच आहे. अशी न सांगता जायची रीत असते का?

आक्का म्हणजे माझी थोरली नणंद. लग्नानंतर दोन-तीन वर्षांतच नवरा वारला आणि त्या माहेरी परत आल्या. सातवी शिकलेल्या होत्या, अक्षर मोत्यासारखं, म्हणून गावचं पोस्ट त्यांच्याकडं आलं. आमच्या घराला लागून कुडाची एक खोली होती, वर पाचटाचं छप्पर. तीच कचेरी. तेव्हा आमचा जिल्हा परभणी. मी नवी नवरी म्हणून या घरात आले तेव्हा दुष्काळ नुकताच सरला होता. निम्मं गाव पांगलेलं. कुणी नांदेडला, कुणी मुंबईच्या गिरणीत, कुणी हैदराबादला, कुणी साखर कारखान्यावर. गावात मागं राहिलेली माणसं पोस्टात यायची आणि म्हणायची, "आक्का, माझ्या लेकाला लिव्ह." कुठं लिहायचं ते आक्कांनी बघायचं. लेक कुठं आहे, कुणाच्या खोलीत राहतो, चाळ बदलली का, हे त्या म्हातारीला ठाऊक नसायचं. आक्कांच्या वहीला ठाऊक असायचं.

ती वही सरकारची नव्हती, आक्कांची स्वतःची होती. घरवार पानं पाडलेली. माणूस हलला की जुना पत्ता खोडून खाली नवा. वारलं तर नावावर लाल रेघ. आणि दरवर्षी दिवाळीत ती सगळी वही दुसऱ्या वहीत उतरवून काढायची आणि कळमनुरीला त्यांच्या मावशीच्या घरी पेटीत नेऊन ठेवायची. "दोन्ही वह्या एका छपराखाली ठेवायच्या न्हाईत," हा त्यांचा नियम. मी हसायचे. ऐन दिवाळीत मी अनारसे तळतेय आणि ह्या बोटं शाईनं माखून बसलेल्या, मग हसू नको तर काय करू? "आक्का, तुमची वही काय सोन्याची हाय का?" म्हणायचे. त्या वर न बघता म्हणायच्या, "सोनं पुन्हा करता येतंय."

वैशाखात, भर दुपारी, शेजारची कडब्याची गंजी पेटली. कुणाची ठिणगी, कुठून आली, शेवटपर्यंत कळलं नाही. वारा आमच्या घराकडं वाहत होता. मी पोराला काखेत घेऊन बाहेर पळाले आणि मागं वळून बघते तर आक्का धुरात शिरलेल्या. त्या बाहेर आल्या तेव्हा पदराला धग लागून तो काळा पडला होता. हातात टपालाची थैली, शिक्के, सरकारी दप्तर. मागं छप्पर खाली आलं. लोक पाणी मारायला लागले. आक्का रस्त्यावर मटकन बसल्या आणि म्हणाल्या, "सरकारचं समदं वाचलं. गावाचं गेलं." मला आधी कळेचना. मग आठवलं, वही.

त्यानंतर महिनाभर आमचं टपाल शेजारच्या गावाहून वाटलं जायचं. आक्का नुसत्या बसून असायच्या. गावातली माणसं येऊन दारात उभी राहायची, काही न बोलता. एका म्हातारीनं मात्र तोंडावर विचारलं, "आता माझं पोरगं मला घावंल का गं?" जणू पोरगाच जळाला होता. त्या दिवशी आक्का उठल्या. आम्ही दोघी बाळापूरवरून बस बदलून कळमनुरीला गेलो. मावशीनं पेटीतून वही काढून दिली तेव्हा आक्कांनी ती कपाळाला लावली. पण परतीच्या बसमध्ये पानं चाळता चाळता त्यांचा चेहरा उतरत गेला. वही दिवाळीची होती. दिवाळीनंतर माणसं कारखान्यावर गेली होती, तिथून आणखी कुठं कुठं गेली होती. "ही दिवाळीतली माणसं हायत," त्या म्हणाल्या. "आजची कुठं धुंडू?"

उपाय त्यांनाच सुचला, आणि तो सुचला तेव्हा त्या चुलीपुढून अर्धी भाकर तशीच टाकून उठल्या. आमच्याकडं तेव्हा प्रत्येक घरात आढ्याला एक तारेचा आकडा लटकलेला असे. पत्र आलं, वाचून झालं की त्या तारेत टोचायचं. म्हणजे सगळ्यात वरचं पत्र ते सगळ्यात ताजं. कळमनुरीची वही धरायची पाया, आणि दिवाळीनंतर काय काय बदललं ते तारेवरच्या पत्रांवरून एकेक करून तिच्यात चढवायचं. कोतवालाकडून दवंडी दिली. आमच्या पोस्टाखाली आसपासच्या वस्त्याही होत्या, तिथंही निरोप गेले. आणि माणसं तारा घेऊन यायला लागली. बायका डोक्यावर पाटी, हातात पत्रांची तार. आक्का वरचं पत्र काढून मोठ्यानं वाचायच्या, त्यामुळं कुणाचा जावई कुणाला काय बोलला ते अख्ख्या गावाला फुकटात कळलं. एकाच्या तारेत तर सासऱ्याला दिलेल्या शिव्यांचं पत्र निघालं आणि सासरा समोरच बसलेला! आम्ही पोट धरधरून हसलो. आगीनंतर आक्का पहिल्यांदा तेव्हा हसल्या.

वही पुरी झाली. पण आक्कांचं समाधान होईना. "लिवलेलं खरं हाय का न्हाई, ते परत आल्याबिगर कसं कळंल?" मग त्यांनी घरटी एक-एक कार्ड आणायला सांगितलं आणि वहीतल्या प्रत्येक पत्त्यावर कार्ड धाडलं. आमचं पोस्ट जळालं होतं, हा पत्ता बरोबर असेल तर उलट टपाली कळवा, एवढाच मजकूर. पण आक्काच त्या, कोरडं लिहिणं त्यांना जमायचंच नाही. प्रत्येक कार्डाच्या शेवटी त्या घरचं काहीतरी घालायच्या. गाय व्याली, बापाचा खोकला थांबला, असं. उत्तरं येऊ लागली. एकेक उत्तर आलं की आक्का ओट्यावरूनच ओरडायच्या, "घावला गं घावला!"

आणि मग आषाढात एक दिवस तो माणूस आला. पुसेगावकडचा शेतकरी, पांढरा पटका, चिखलानं भरलेले पाय. दारात उभा राहून त्यानं कार्ड पुढं केलं. "ताई, हे तुमी लिवलं व्हय?" आक्का कार्डावरचं नाव बघून खुशीतच म्हणाल्या, "व्हय, कौसाच्या सासरचे का? बसा की. पत्ता बराबर लागला म्हणायचा!" तो बसला नाही. अगदी हळू आवाजात म्हणाला, "सून माझी गेली, बाई. महिना होऊन गेला. बाळंतपणात गेली. पोस्टमननं हे कार्ड ओट्यावर मोठ्यानं वाचलं. 'कौसा, तुझी माय वाट बघून राहिली, पंचमीला ये.' थोरलं लेकरू दोन वर्साचं हाय. आईचं नाव ऐकलं अन् दाराकडं पळालं, आई आली म्हणून..."

तो चिडला असता तर बरं झालं असतं. त्यानं कार्ड आक्कांच्या पुढ्यात ठेवलं, पाणी प्याला आणि निघून गेला. आक्का भिंतीला टेकून बसल्या, डोळे उघडे आणि बघत कुठंच नव्हत्या. मी हलवलं तर म्हणाल्या, "गयाबाईनं सोता तार आणून दिली की गं मला." कौसाची आई गयाबाई दूरच्या वस्तीवर राहायची, बाजाराला तेवढी गावात यायची. मग आमच्या दोघींच्या एकदमच ध्यानात आलं. मरणाचं कार्ड, कोपरा फाडलेलं, आमच्याकडं उंबऱ्याच्या आत घेत नाहीत. बाहेरच वाचायचं आणि लगेच फाडून टाकायचं. ते तारेवर कधी चढतच नाही. कौसाच्या मरणाचं कार्ड आलं होतं ते नेमकं त्या महिन्यात, जेव्हा टपाल शेजारच्या गावाहून थेट वस्तीवर जात होतं. आक्कांच्या हाताखालून ते गेलंच नाही. आणि तारेवर सगळ्यात वर होतं ते कौसाचं खुशालीचं पत्र. "तारेवर समदे जितेच असत्यात," आक्का म्हणाल्या, "अन् मी येडी तिच्यावरून गाव उभं करून राहिले."

दुसऱ्या दिवशी आम्ही वस्तीवर गेलो. मला वाटलं होतं गयाबाई रडेल, नाहीतर शिव्या देईल. ती गोठ्यातलं शेण काढत होती, काढतच राहिली. आक्कांनी विचारलं, "गयाबाई, काहून सांगितलं न्हाई मला?" ती म्हणाली, "तू इचारलंस कुठं? तू म्हणलीस तार आण, म्या आणली. वरचं पत्र काढून तू वाचाय लागलीस, कौसा म्हणून. महिना झाला, कोणी तिचं नाव घेईना माझ्यापुढं. मला दुख होईल म्हणत्यात. तू घेतलंस, वर वहीत लिवलंस. म्या म्हणलं, लिवू दे." मग तिनं हात धुतले आणि आमच्या समोर येऊन बसली. "आता खोडशील व्हय?"

नियम होता ना, वारलं की लाल रेघ. आणि ती रेघ मारायला आपण इथवर आलो नाही, हे मला आक्कांच्या चेहऱ्यावर दिसत होतं, पण मारायची नाही तर करायचं काय, हेही त्यांना कळत नव्हतं. गयाबाईच म्हणाली, "कार्डात काय लिवलं व्हतंस ते तरी वाच." आक्कांनी कार्ड वाचलं. पंचमीला ये, इथवर आल्या आणि थांबल्या. गयाबाई पदर तोंडात कोंबून जी रडली, तिचा आवाज आजही माझ्या कानात आहे. बऱ्याच वेळानं आक्कांनी विचारलं, "लेकराचं नाव काय?" "सुमन." "तिला लिवते," आक्का म्हणाल्या. घरी येऊन त्यांनी वहीत कौसाचं नाव तसंच ठेवलं आणि त्याखाली, त्याच पत्त्यावर, सुमन लिहिलं. कार्ड सुमनच्या नावानं गेलं, दोन वर्षांच्या पोरीच्या नावानं. पोस्टमन हसला असेल. पण पंचमीला तो पांढऱ्या पटक्याचा माणूस नातीला खांद्यावर घेऊन वस्तीवर आला.

तेव्हापासून दरवर्षी कार्ड. गयाबाई गेली, वस्ती उठून गेली, आजोळ म्हणून सुमनला आमचंच घर उरलं, आक्का मावशी आणि मी मामी. पोस्ट पुढं गावात दुसरीकडं गेलं, आक्का निवृत्त झाल्या, सुमनचं लग्न झालं, तिला सुना आल्या. घरोघर फोन आले तरी आक्का सुमनला फोन करायच्या नाहीत. "पोरीला माहेरी आणाया मुराळी म्हणून कार्डच गेलं पायजे," म्हणायच्या. मी चिडवायचे, "पंचमीला बोलवायला आता कार्ड कोण लिहितं?" तर माझ्याकडं बघायच्याही नाहीत. हट्टी बाई!

तेराव्यानंतर मी गावीच राहिले. घर सोडून जायला पाय उचलेना. त्यांच्या खोलीत गेलं की वाटायचं, आता मागून ओरडतील, चपला बाहेर काढ म्हणून. थोरल्यानं मोबाइलवरून सगळ्या नातेवाइकांना कळवलं होतं, भावकीला, माझ्या माहेरच्यांना. जो तो म्हणत होता, सगळ्यांना कळलं. मीही तेच म्हणत होते.

परवा पंचमी झाली. दिवसभर दार उघडंच होतं. दुपारी कुणीतरी अंगणात चपला काढल्या, आणि हिरव्या लुगड्यात, कपाळभर कुंकू लावलेली सुमन आत आली. केस पांढरे झालेले, हातात लाह्यांची पिशवी. हसतच म्हणाली, "मामी, तुमी कधी आलात? मावशी कुठं हायत?" तिला कुणीच कळवलं नव्हतं. थोरल्यानं मला मान खाली घालून सांगितलं, आत्याच्या उशाशी लिहून ठेवलेलं कार्ड होतं, तिकीट छापलेलं, पत्ता घातलेला. घाईत त्यानं ते टपालाच्या पेटीत टाकलं होतं, न वाचता.

मी सुमनला बसवलं, पाणी दिलं आणि सांगितलं. कसं सांगितलं ते मला आठवत नाही. ती माझ्याकडं बघत राहिली, जणू मी दुसऱ्याच कुणाबद्दल बोलतेय. मग तिनं कमरेचा बटवा उघडला, त्यातून कार्ड काढलं, उलटसुलट करून बघितलं आणि माझ्यापुढं धरलं.

"पण मामी," ती म्हणाली, "अक्षर तर मावशीचंच हाय की."