मैनुद्दीनच्या गाडीचा थकवा

मैनुद्दीन पठाण रोज रात्री घरापाशी गाडी लावली की बॉनेट उघडून बॅटरीची वायर काढून ठेवायचा. भवानी पेठेतल्या ज्या उस्तादांकडे तो गाडी शिकला, त्यांचा टेम्पो बॅटरीची वायर शॉर्ट होऊन उभ्याउभ्या जळाला होता. तेव्हापासून उस्तादांनी धरलेला नेम शिष्यानं एकही रात्र चुकवला नाही. "गाडीचे दागिने उतरवून झाले असतील तर जेवायला या," बायको रुकसाना म्हणायची. बायकोला उत्तर न देणं हा त्याचा दुसरा नेम.

पहिल्या नेमाचं फळ त्याला रोज दिसायचं. दुपारनंतर डॅशबोर्डवर इंजिनचा पिवळा दिवा लागायचा आणि सकाळी वायर जोडली की गायब. "दिवसभर पळून थकते बिचारी. झोप झाली की ठणठणीत," असं तो स्टँडवर सगळ्यांना ऐकवायचा. कुणी विचारलेलं नसायचं.

त्याची ड्यूटी खराडीच्या एका आयटी कंपनीत होती. शिफ्ट सुटली की तिथं काम करणाऱ्या मुलींना मांजरीपर्यंत सोडायचं. सगळ्यांत शेवटी उतरायची अमरावतीची पूर्णिमा. मुंढव्याच्या पुलावर गाडी दोनदा चालता चालता बंद पडली, तेव्हा ती मागेच बसलेली होती. "थकलीय," मैनुद्दीन म्हणाला, आणि तिला ते पटलं. आयटीतल्या माणसाला थकण्याचं कारण विचारावं लागत नाही.

मग पासिंगची, म्हणजे गाडीच्या सरकारी तपासणीची, तारीख जवळ आली. पासिंग झालं नाही तर कंपनीच्या गेटातून गाडी आत घेणार नव्हते आणि ड्यूटी दुसऱ्याला गेली असती. तपासणी केंद्रात आता स्टिअरिंगखाली मशीन जोडून गाडीचा कॉम्प्युटर वाचतात. तिथल्या कल्याणी मॅडमनी मशीनकडे पाहिलं.

"काका, मेमरी कोरी आहे. बॅटरी काढली होती का?"

"रोज काढतो," मैनुद्दीन म्हणाला. लोक पहाटे पर्वती चढतो म्हणून सांगतात, त्याच सुरात.

"रोज?"

"रोज."

मॅडमनी समजावलं. गाडी चालताना कॉम्प्युटर स्वतःच्या तपासण्या करतो आणि सापडलेला बिघाड लक्षात ठेवतो. वायर काढली की सगळं पुसलं जातं, दिव्यासकट. "आठवडाभर वायरला हात लावू नका. मग या."

पहिल्या रात्री मैनुद्दीन पाना हातात घेऊन गाडीपाशी उभा राहिला. "चला आत," रुकसाना म्हणाली, "तिला एकटीला भीती नाही वाटत." दुसऱ्या दिवशी दुपारनंतर नेहमीसारखा दिवा लागला. पुढच्या सकाळीही तो होताच. मैनुद्दीननं ओल्या फडक्यानं डॅशबोर्ड पुसून पाहिला. दिवा जास्त स्वच्छ दिसायला लागला.

आठवड्यानं मशीन बोललं. इंजिन फिरतंय की नाही हे सांगणारा सेन्सर मधूनमधून दगा देत होता.

"यानं चालत्या गाडीत इंजिन बंद पडतं," मॅडम म्हणाल्या. "स्टिअरिंग जड होतं, ब्रेकही धड लागत नाही. असं कधी झालंय?"

मैनुद्दीनला नाही म्हणायचं होतं. पण त्याला पूल आठवला, मागून हॉर्न देत आलेला डंपर आठवला.

"दोनदा."

"गाडीत कोण असतं?"

"पोरी असतात," तो म्हणाला, आणि त्याला स्वतःची लाज वाटली.

मॅडमनी गाडी नापास केली. त्यानं हुज्जत घातली नाही. असा माणूस त्या आवारात आजवर कुणी पाहिला नव्हता.

सेन्सर नवा बसवला, चार दिवस गाडी पळवली आणि मगच पासिंग झालं. ड्यूटी वाचली. पुढच्या सोमवारी मुंढव्याचा पूल ओलांडताना पूर्णिमानं मागून विचारलं, "काका, आजकाल गाडी थकत नाही?"

मैनुद्दीननं आरशात पाहिलं. उत्तर न देण्याचा नेम फक्त बायकोपुरता होता.

"ती थकत नव्हती, बेटा. रोज सांगत होती, पुढं धोका आहे म्हणून. मीच रोज रात्री तिचं तोंड दाबत होतो."

 पूर्णिमानं सीटच्या फटीत हात घालून, तीन वर्षं तिथंच दडपलेला बेल्ट शोधून काढला आणि लावला.