दोन ब्रास मेटल आणि एक खोकला

ज्या बँडमध्ये गाणाराच नाही, त्याच्याबद्दल बाकी सगळे बोलत राहतात. आम्ही तोंड उघडत नाही म्हटल्यावर ते काम गावानं अंगावर घेतलं, आणि किस्से साठत गेले. मी फक्त चवीपुरतं मीठ टाकतो.

आमचं संगीत पोस्ट-मेटल. शब्द नाहीत, एकेक तुकडा अठरा मिनिटांचा, आणि चाल अशी की मधल्या मधे चहा टाकून परत येता येतं. गिटारवर समीर, हिंजवडीत सॉफ्टवेअर टेस्टर. ड्रम्सवर पौडचा इरफान, घरचं भांड्यांचं दुकान. बासवर मी. वयानं दोघांचा काका, वागण्यानं पुतण्या.

*

आवाजाला कंटाळून मारुंजीच्या फ्लॅटमधून सोसायटीनं हाकलल्यावर समीरनं मुठा गावच्या तात्यांना फोन लावला. त्यांची कोंबड्यांची शेड रिकामी होती.

"तात्या, मेटलसाठी जागा हवीय."

"किती ब्रास?"

"ब्रास नाही हो, गिटार आणि ड्रम."

"ड्रमात न्हाई मावायचं. शेडमागं मोकळं वता!"

आम्ही पोचलो तर तात्या फावडं घेऊन उभे! गावात मेटल म्हणजे रस्त्याची खडी, आणि ती मोजतात ब्रासवर. मग आम्ही वाजवूनच दाखवलं. तात्यांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाले, "म्हंजे खडीच की!"

अल्बमचं नाव तिथंच ठरलं: 'दोन ब्रास'.

*

इरफानचे अब्बा एकदा प्रॅक्टिसला आले. इरफाननं झांजांवर असा काही हात टाकला की पत्रा थरथरला. अब्बांनी डोक्यावरची टोपी सावरली.

"वा रे बेटा! दुकानात परात पडली तर नुकसान, आणि हितं पडली तर अल्बम!"

*

मग मुठ्यातल्याच एका लग्नाची वरात आली. 'बँड' म्हटल्यावर गावानं बाकी काही विचारलंच नाही. जनरेटर टेम्पोत, आम्ही टेम्पोत, मागं घोडा. आम्ही अल्बममधला सगळ्यात संथ तुकडा सुरू केला. नाचायला आलेली पोरं एक पाय वर उचलून ठोक्याची वाट बघत राहिली. घोडा उभ्या उभ्या झोपला.

शेवटी नवरदेव वाकून म्हणाला, "दादा, गाणं कदी चालू व्हनार?"

इरफान म्हणाला, "संपत आलंय!"

*

तात्यांना मात्र एकच काळजी. दर रविवारी शेडच्या दारात येऊन विचारायचे, "गाणारा आज बी न्हाई आला?" आम्ही सांगायचो, गाणारा नाहीच. ते मान हलवायचे, जणू घरातलं कुणी रुसून गेलंय आणि आम्ही लपवतोय.

पुढं समीरला कंपनीनं परदेशी पाठवायचं ठरवलं. विमान सोमवारी. शेडमध्ये कोंबडीची पिल्लं येणार रविवारी संध्याकाळी. एकच तुकडा रेकॉर्ड व्हायचा राहिलेला. रविवारी झाला तर अल्बम, नाहीतर दोन वर्षांची मेहनत कोंबड्यांच्या खाद्यात!

रविवारी दुपारी तात्या एका म्हाताऱ्याला हाताला धरून घेऊन आले. भजनी मंडळाचे सोपानबुवा, हातात टाळ.

"घ्या, गाणारा आनलाय. आता तुमचं कायतरी व्हईल!"

आता याला नाही कोण म्हणणार? बुवांना माइकपुढं बसवलं. तो बंद आहे, असं आम्ही समजत होतो. बुवा डोळे मिटून, टाळ न वाजवता नुसता धरून, आपली वेळ यायची वाट बघत बसले. वाजवणं इतकं सुरेख जमत होतं की समीरच्या डोळ्यांत पाणी! तेवढ्यात बुवा खाकरले.

तुकडा संपला. बाहेर पिल्लांच्या टेम्पोचा हॉर्न वाजला. पुन्हा वाजवायला वेळ नव्हता. खोकला अल्बमवर गेला.

*

सीडी आली तेव्हा समीर परदेशात. तात्यांनी अंगणात सतरंज्या अंथरून सगळ्या गावाला बोलावलं. शेवटचा तुकडा लागला, खोकला आला, आणि तात्या ताडकन उठले.

"गप ऱ्हावा! गळा साफ केला बुवानं! आता म्हन्तोय!"

अख्खं अंगण श्वास रोखून बसलं. तुकडा संपला. कुणी हलेना.

"दुसरी बाजू लावा की," तात्या म्हणाले. "बुवा तिकडं आसल."

मी सांगितलं, सीडीला दुसरी बाजू नसते. तात्यांचं तोंड एवढंसं झालं. ते बघवेना म्हणून इरफाननं सीडी उलटी करून घातली आणि बटण दाबलं.

आतून आधी खोकला आला. मग टाळ.

सोपानबुवा माझ्या शेजारी बसून बशीतला चहा पीत होते.